देवीची पावती क्रमांक चार

आमच्या गावाच्या मुंबई मंडळात खजिनदार निवडण्याची एक रीत होती. वार्षिक सभेत खजिनदारांनी उठून म्हणायचं, "आता वय झालं, दुसऱ्या कुणाला तरी संधी द्या." मग दोघा-तिघांनी "छे छे, तुमच्याशिवाय कोण करणार" म्हणायचं, आणि खजिनदारांनी अगदी नाइलाजाने पुढच्या वर्षासाठी तेच पद स्वीकारायचं. आमच्या जुन्या खजिनदारांनी ही रीत इतकी वर्षं पाळली होती की सचिव सभेच्या इतिवृत्तातला तो परिच्छेद घरूनच लिहून आणायचे. दोन वर्षांपूर्वीच्या सभेत मात्र जरा गडबड झाली. 'छे छे' म्हणणाऱ्यांपैकी एक जण चहाचं बघायला बाहेर गेला होता आणि दुसऱ्याचा फोन वाजत होता. तेवढ्या मोकळ्या जागेत बायकांच्या बाजूने माझ्या वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, "मी करते."

सचिवांनी मंडळाची घटना उघडून पाहिली. बाई खजिनदार होऊ शकत नाही असा नियम घटनेत नव्हता, कारण तो करायची वेळ येईल असं घटना लिहिणाऱ्यांना वाटलंच नव्हतं. शेवटी अध्यक्षांनी सूनबाईंच्या धाडसाचं कौतुक केलं. जुन्या खजिनदारांनी टाळ्या वाजवल्या, आणि बसता बसता एवढंच म्हणाले, की पावतीपुस्तक त्यांच्याच कपाटात आहे, शिमग्याच्या सभेला ते घेऊन येतील, लागलंच तर असावं.

याचा अर्थ सगळ्यांना कळला. आमचं गाव रत्नागिरीतलं, पण गावातली निम्मी घरं आता नवघर ते मीरा रोड एवढ्या पट्ट्यात राहतात. मंडळाचं वर्षातलं खरं काम एकच, शिमग्याच्या पालखीसाठी घरटी वर्गणी. ती शिमग्याआधीच्या सभेत जमा होते, पावत्या तिथेच फाडल्या जातात. त्या दिवशी टेबलावर ज्याचं पावतीपुस्तक, तो खजिनदार. वहिनींच्या पावत्या तोवर तयार नसल्या तर जुनं पुस्तक उघडणार, आणि पुस्तकामागोमाग पदही आपोआप परत जाणार.

वहिनींनी पद घेतानाच सांगितलं होतं की पावत्या कॉम्प्युटरवर निघतील, आणि एकदा निघालेली पावती गायब होणार नाही. ही हौस नव्हती. काही वर्षांपूर्वी एका सभेत वर्गणी न दिलेल्यांची नावं मोठ्याने वाचली गेली, त्यात माझ्या भावाचं नाव होतं. भाऊ कामावर, म्हणून वहिनी उभ्या राहिल्या आणि पैसे दिलेत असं म्हणाल्या. पावती विचारली गेली. पावतीवर नाव चुकलं म्हणून खजिनदारांनी ती फाडून घेतली होती आणि नवी देतो म्हणाले होते. ती नवी पावती राहूनच गेली. जुने खजिनदार लबाड मुळीच नव्हते. फक्त पावत्या फाडणं, रद्द करणं, मागाहून देणं हे सगळं त्यांच्या स्मरणशक्तीवर चालायचं, आणि त्यांची स्मरणशक्ती त्यांच्याच पिढीची होती. फाडलेला कागद पुढे त्यांच्या झब्ब्याच्या खिशात सापडला. पण वहिनी भरसभेत थकबाकीदार म्हणून उभ्या राहिल्या होत्या, त्या राहिल्याच.

आता यात मी कसा आलो ते सांगतो. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, मुदतीआधीच बाहेर पडलो आणि मीरा रोडच्या पूनम सागरमध्ये पुस्तकं वाचत सुखाने राहतो. कधीतरी वहिनींच्या फोनमधून गेलेले फोटो मी परत आणले होते. तेव्हापासून नवघरच्या त्या घरात माझी ख्याती संगणकतज्ज्ञ अशी आहे, आणि ती खोडून काढण्याइतका मी प्रामाणिक नाही.

मी एक ओपन सोर्स हिशेबाचं सॉफ्टवेअर शोधलं. विकत घ्यायचं नाही, दरवर्षी भाडं नाही, आणि त्याचं आतलं सगळं काम कुणीही उघडून बघावं. कार्यकारिणीला हे समजावून सांगायला मी अध्यक्षांच्या घरी गेलो. अध्यक्ष म्हणजे सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, अंगावर सफारी, बोलताना समोर माईक नसला तरी असल्यासारखे बोलणारे. त्यांना फुकट हा शब्द खटकला. मालक कोण, विचारलं. मी म्हटलं, मालक असा कुणी नाही, जगभरातल्या लोकांनी थोडं थोडं करून बनवलंय.

"त्यांचा अध्यक्ष कोण?"

मी म्हटलं, माहीत नाही.

त्यांनी माझ्याकडे जरा कीव येऊन पाहिलं. इतकी माणसं, इतकं काम आणि अध्यक्ष नाही, हे त्यांना पटेना. शेवटी त्यांनी मार्ग काढला. त्यांच्यातल्या एकाला तरी शिमग्याच्या सभेला बोलवावं, शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा, म्हणजे फुकट घेतल्याचा दोष राहणार नाही. ते लोक परदेशात असतात असं मी सांगितलं. मग ऑनलाइन सत्कार करू, असं ठरलं. तो ठराव मंजूर आहे आणि अजून प्रलंबित आहे.

शनिवारी दुपारी मी रिक्षाने नवघरला जायचो. जेवणाच्या टेबलावर भावाचा जुना लॅपटॉप, शेजारी वहिनी, आणि भाऊ पेपर घेऊन आत-बाहेर करत दर वेळी "झालं?" एवढंच विचारणार. सॉफ्टवेअरची समजूत अशी की आपण कंपनी आहोत. तुम्ही काय विकता, असं त्याने पहिल्यांदा विचारलं. आम्ही काही विकत नाही म्हणायची सोयच नव्हती, म्हणून मालाच्या यादीत 'शिमगा वर्गणी' टाकली. एकक विचारल्यावर नग म्हटलं. गावातले लोक मग ग्राहक झाले आणि वाड्या झाल्या शाखा. पावतीच्या तळाशी ते आपणहून एक ओळ छापायचं, आमच्याशी व्यवहार केल्याबद्दल आभार आणि पुन्हा अवश्य या. वहिनींनी ती वाचली आणि म्हणाल्या, "येणार कुठे, इथेच तर आहेत सगळे." ओळ काढली.

प्रिंटर आणायला आम्ही भाईंदरला एका दुकानात गेलो. बिलं छापतात तसला, छोट्या कागदी रोलचा, शाई न लागणारा, नुसत्या उष्णतेने छापणारा. दुकानदाराने आपलं ठरवलंच होतं. "होटल है ना, भाभी? या मेडिकल?" वहिनी म्हणाल्या, "देवी का है." त्याने हात जोडले, आणि भाव मात्र तोच सांगितला.

खरी अडचण पावतीच्या मथळ्याची निघाली. आमच्या जुन्या पावतीपुस्तकात निम्मी पावती नावांनीच भरलेली असायची. वर देवी प्रसन्न, मग मंडळाचं नाव, नोंदणी क्रमांक, मग अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, वाडीवार प्रतिनिधी आणि शेवटी सल्लागार, ज्यांचा सल्ला कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. वर्गणीदाराचं नाव या सगळ्यांच्या खाली, उरलेल्या जागेत. रुंद कागदावर हे खपत होतं. हा रोल जेमतेम चार बोटं रुंद, त्यामुळे सगळी नावं एकाखाली एक उभी राहिली. मी पावती मनगटापासून धरून मोजली, ती कोपरापर्यंत आली.

"एवढी पावती लोक घरी नेणार कशी," वहिनी म्हणाल्या, "खांद्यावर टाकून?"

मी सुचवलं की नावं काढून टाकू. वहिनींनी तसं करायला साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, कागदाचा रोल स्वस्त आहे आणि माणसं महाग. नावं राहिली. फक्त विद्यमान कार्यकारिणीचीच ठेवायची, असं त्यांनी ठरवलं.

मग छपाई. चाचणीसाठी कुणाचं तरी नाव घालायला हवं होतं. वहिनी म्हणाल्या, "माझंच घाला. दुसऱ्याचं कशाला वापरायचं?" पहिली पावती बाहेर आली त्यात अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी होत्या. त्या प्रिंटरला देवनागरी येत नव्हती. मग इतर लोकांनी अशाच अडचणींबद्दल इंटरनेटवर लिहून ठेवलेलं वाचत बसलो. दुसऱ्या पावतीत अक्षरं आली, पण वेलांट्या आपापली जागा सोडून शेजारी जाऊन बसल्या होत्या. पुढच्या शनिवारी उपाय सापडला. मजकूर प्रिंटरकडे अक्षरं म्हणून पाठवायचाच नाही, अख्ख्या पावतीचं चित्र करून पाठवायचं. प्रिंटरला आपण काय छापतोय ते कळत नाही, आणि म्हणून तो बरोबर छापतो. तिसरी पावती अशी सुबक आली की भावानेही "झालं?" न विचारता ती हातात घेतली. वहिनींनी आंबोळ्या केल्या होत्या. आम्ही त्या खाल्ल्या आणि आपण जिंकलो असं समजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष मुहूर्त करायला आले. सोबत पेढे. मी आधीच आलो होतो. अध्यक्ष लॅपटॉपसमोर बसले, खिशातून अकरा रुपये काढून टेबलावर ठेवले आणि देवीच्या नावाने पावती करा म्हणाले. ही आमच्या मंडळाची फार जुनी पद्धत. दरवर्षीची पहिली पावती ग्रामदेवतेच्या नावाने होते, अकरा रुपये अध्यक्ष देतात, तो कागद गावी जातो आणि पालखीआधी देवीपुढे ठेवला जातो. त्यानंतरच माणसांच्या पावत्या. ही गोष्ट मला माहीत होती, वहिनींना माहीत होती, भावाला माहीत होती. इतकी माहीत होती की तिघांपैकी एकालाही ती आठवली नव्हती.

मी देवीला ग्राहक म्हणून नोंदवलं. सॉफ्टवेअरने मोबाइल नंबर मागितला आणि तो दिल्याशिवाय पुढे जाईना. अध्यक्षांनी थोडा विचार करून स्वतःचा दिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते सत्कारातही कधी आलं नसेल. पावती निघाली. अध्यक्षांनी ती कपाळाला लावली, चष्मा चढवला आणि वरून वाचत खाली आले.

"चार?" ते म्हणाले.

मी तेव्हा कुठे सावरून बसलो.

"पहिल्या तीन कुणाच्या?"

"माझ्या," वहिनी म्हणाल्या.

अध्यक्षांनी पेढ्यांचा पुडा पुन्हा पिशवीत ठेवला. रागावून नाही. नेमकं काय करावं हे न सुचल्यावर माणूस हातातली वस्तू आवरतो, तसा.

मी पूनम सागरला पोचायच्या आत मंडळाच्या ग्रुपवर गुलाबाची फुलं आणि सुप्रभात बंद झालं होतं. 'खजिनदारबाईंनी देवीच्या आधी स्वतःची पावती फाडली,' असं कुणीतरी लिहिलं होतं. त्याखाली 'मानाचा प्रश्न आहे' असं आणखी तिघांनी. आमच्याकडे मान म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड. पालखीचा पुढचा दांडा कुणाच्या खांद्यावर, पहिला नारळ कुठल्या वाडीचा, यावरून आमची शहाणीसुरती माणसं वर्षानुवर्षं एकमेकांच्या घरी पाणी पीत नाहीत. जुन्या खजिनदारांनी ग्रुपवर फक्त हात जोडलेलं चित्र टाकलं. पुस्तक आता नक्की येणार होतं.

संध्याकाळी मी वहिनींना फोन करून धीर दिला. उपाय सोपा होता. सगळं पुसून टाकायचं, सॉफ्टवेअर नव्याने बसवायचं, क्रमांक पुन्हा एकपासून सुरू, एक नंबर देवीला. अर्ध्या तासाचं काम. चाचणीच्या तीन पावत्या होत्या हे कुणाला कळणारही नाही.

पलीकडे एक भांडं आपटल्याचा आवाज आला.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "मी सभेत काय सांगितलं होतं? एकदा निघालेली पावती या कॉम्प्युटरमधून गायब होत नाही. हेच सांगून पद घेतलं ना मी? आणि पहिल्याच आठवड्यात तीन गायब करू?"

मी म्हटलं, त्या नुसत्या चाचणीच्या होत्या, एकीवर तर नुसत्या चौकटी आहेत.

"माझी पावतीपण नुसती नाव चुकलेली होती," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी मला त्या तीन पावत्या रीतसर रद्द करायला लावल्या. सॉफ्टवेअर पावती पुसत नाही, तिच्यावर 'रद्द' असा शिक्का मारून ती क्रमांकासकट ठेवतं. त्या तिन्ही पुन्हा छापून त्यांनी पर्समध्ये ठेवल्या. खरं सांगायचं तर मला वाटलं, पद गेलं. प्रामाणिकपणाने निवडणुका जिंकल्याचं मी जेवढं वाचलंय ते सगळं कथा-कादंबऱ्यांत.

सभा नवघरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये होती. हॉल संध्याकाळी सहानंतर एका गुजराती कुटुंबाने मुलीच्या वाढदिवसाला घेतलेला, त्यामुळे गुलाबी फुगे आधीच लागले होते. त्या फुग्यांखाली आमच्या गावाच्या मानाचा निकाल लागणार होता. टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप आणि प्रिंटर, दुसऱ्या टोकाला जुन्या खजिनदारांनी पावतीपुस्तक ठेवलं, त्यावर कार्बन, त्यावर पेन. येणारा प्रत्येक जण आधी टेबलाकडे बघत होता.

वहिनी उभ्या राहिल्या. त्यांनी तिन्ही रद्द पावत्या हात वर करून दाखवल्या आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं, अगदी आंबोळ्यांसकट. पुसून टाकता आलं असतं, तेही सांगितलं. मग म्हणाल्या, देवीची पावती चार नंबरची आहे, ती चारच राहणार.

जुने खजिनदार उठले. ते सभ्य माणूस, आवाज चढवत नाहीत. सूनबाईंच्या हेतूबद्दल शंका नाही, म्हणाले, पण आजवर देवीच्या आधी कुणी पावती घेतली नव्हती. पुस्तकात पहिलं पान कोरं आहे. अजूनही देवीला तिचा मान देता येईल. त्यांनी पुस्तकाचं पहिलं पान उघडून धरलं. ते खरंच कोरं होतं, आणि दिसत होतं छान.

अध्यक्षांना कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती. गावी असा पेच आला की गुरव देवीला कौल लावतो, म्हणून त्यांनी गुरवालाच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. दोनदा आवाज तुटला. मग अध्यक्षांनी भाषणाच्या थाटात सगळी हकिगत सांगितली आणि विचारलं, देवीचा पहिल्या पावतीचा मान गेला आहे, तर कौल लावावा काय?

"कौल कशाला," गुरव म्हणाला. मागे कोंबडं ओरडत होतं. "मुंबईची पावती येते ती एक नंबरची. पुन्याची येते तीपण एक नंबरची. गाववाल्यांची एक हाय ती बी एकच. आता तिघांतली पैली कुठली ते मला कदी कळला नाय. मी आपला एकाखाली एक ठेवतो."

हॉलमध्ये पाठीमागे कुणीतरी हसलं.

"चार नंबर असंल तर बरा हाय," गुरव म्हणाला. "वळखायला बरी पडंल, मुंबईची म्हणून. आनि समईपासून लांब ठेवायचा काय तो कागद? गेल्या साली पुन्याची असलीच चकचकीत आलेली, ती काळी पडली."

वहिनींनी लगेच लिहून घेतलं, कागद समईपासून लांब. मग सगळा हॉलच हसला, आणि त्या हसण्यात मानाचा प्रश्न कुठे गेला ते कुणी पाहिलं नाही. माणसं उठून रांगेत उभी राहिली. आमचे लोक देवीसाठी वर्षानुवर्षं भांडतील, पण फुकट छापून मिळणारी नवी वस्तू शेजाऱ्याला आधी मिळालेली त्यांना चालत नाही. प्रिंटर सुरू झाला. प्रत्येक जण आपली हातभर पावती वरून खाली वाचायचा, स्वतःचं नाव सापडलं की मान हलवायचा. अध्यक्षांचा फोन मधूनच वाजला. सॉफ्टवेअरने देवीला 'प्रिय ग्राहक' असा निरोप पाठवला होता. त्यांनी तो शेजारच्या दोघांना दाखवला.

जुने खजिनदार शेवटी आले. तोवर फुगेवाले दाराशी ताटकळत होते. वहिनींनी पावती काढून दोन्ही हातांनी दिली. ते ती वाचू लागले. देवी प्रसन्न, मंडळ, अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, असं करत सल्लागारांपर्यंत आले, आणि पुन्हा वर गेले.

"यात माझं नाव नाही," ते म्हणाले. या वेळी ते सभेत बोलत नव्हते. आवाज हळू होता, आणि मला तो ऐकून बरं वाटलं नाही.

"आत्ताच्या कार्यकारिणीचीच घातलीयत, काका," वहिनी म्हणाल्या. "तुमचं घालायला हवं होतं. सल्लागारांत घालू?"

काकांनी सल्लागारांची ओळ पाहिली. तिथे बरीच गर्दी होती आणि अक्षर बारीक होतं.

"माजी खजिनदार घाल," ते म्हणाले. "वेगळ्या ओळीत. येईल ना?"

"ठळक अक्षरात येईल," वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

मी ओळ टाकली. बदल कायम ठेवायचा का, असं सॉफ्टवेअरने विचारलं. मी हो म्हटलं. पावतीची दुसरी प्रत निघाली, क्रमांक तोच, वर 'दुसरी प्रत' असं लिहिलेलं, आणि मधोमध 'माजी खजिनदार' म्हणून काकांचं नाव. त्यांनी ते बोटाने एकदा चाचपून पाहिलं, घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली. मग पेन उचललं, कार्बन पुस्तकात नीट सारला, आणि पुस्तक पिशवीत घालून "चला, त्या पोरीचा वाढदिवस आहे, हॉल सोडा" असं सगळ्यांना सांगत बाहेर पडले.

आमची पावती आता माझ्या कोपराच्या बोटभर पुढे जाते. परवा मी वहिनींना म्हटलं, मथळा थोडा आखडता घेऊ का. त्या म्हणाल्या, ती ठळक ओळ सोडून बाकीचा घ्या.